सहाव्या चिपेवरचं बोट

अल्ताफ सतारमेकरने पेटी उघडली, ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं आणि सवयीने नाकाशी नेलं. वेलदोडा! वीस वर्षांत त्याने जळक्या तारेचा, मेलेल्या पालीचा, एकदा तर चक्क अत्तराचाही वास घेतला होता. वेलदोडा मात्र पहिल्यांदाच.

"काकी, ओव्हनमध्ये घातलं होतं काय?"

रत्नप्रभा चौगुले खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. "शेजारीण म्हणाली, तापवलं की टाके बसतात. नानकटाईच्या ट्रेमध्ये ठेवलं. आठच मिनिटं."

"नशीब, खरपूस होईपर्यंत नाही थांबलात."

काकी हसल्या नाहीत. मिरजेच्या या गल्लीत पूर्वी फक्त तंबोरे व्हायचे. आता निम्म्या दुकानांत बोलपेट्या दुरुस्त होतात. गेलेल्या माणसाचे फोन, निरोप, चिठ्ठ्या पोटात घेऊन त्याच्यासारखं बोलणारी ती बोलपेटी. तिचा सगळा जीव ग्राफिक्स कार्डावरच्या आठ चिपांत असतो, आणि वीज गेली तरी त्या काही विसरत नाहीत. काकींच्या पेटीत त्यांचे यजमान होते. भूपाल चौगुले, पाटबंधारे खात्यातले कालवा निरीक्षक. जाऊन तीन वर्षं झाली होती.

"चार दिवस झाले, मध्येच गप्प होतात," काकी म्हणाल्या. "तेवढं गप्प होणं काढा. बाकी कशाला हात लावू नका."

गिऱ्हाईक असं बजावतं तेव्हा खरी गोम 'बाकी'तच असते, हे अल्ताफला ठाऊक होतं. त्याने कार्ड तपासणीला लावलं. चिपेतल्या प्रत्येक घरातला अंक यंत्र दोनदा वाचतं. दोन वेळचं जुळलं नाही की पडद्यावर तांबडी खूण. सात चिपा स्वच्छ निघाल्या. सहावीवर मात्र गोवर आल्यासारख्या तांबड्या खुणा.

वडील तंबोऱ्याचा सूर खुलवायला घोडीवर जव्हारी काढायचे, तसं त्याने कान देऊन सहाव्या चिपेवर बोट ठेवलं आणि हलकेच दाबलं. सगळ्या खुणा गेल्या. बोट उचललं, पुन्हा आल्या. म्हणजे चिप धडधाकट होती. तिच्या पोटाखाली कथलाचे मोहरीएवढे टाके असतात, त्यांतला एक तडकला होता.

"अर्ध्या तासाचं काम आहे. आता बोलवून बघू." त्याने कार्ड उघडंच ठेवून पेटीला जोडलं आणि चिपेवर बोट दाबलं.

"गेट किती वाजता सोडलं?" पेटीतून जाड, घाईचा आवाज आला. "सायकलीची किल्ली कुठाय?"

"हेच ते," काकी म्हणाल्या. सुरात ओळख होती, आनंद नव्हता.

अल्ताफने बोट उचललं. आवाज क्षणभर अडखळला, आणि मग त्याच गळ्यातून, पण कितीतरी मऊ होऊन आला, "दिवस मावळतोय. जेवलीस का?"

काकींनी पदर तोंडाला लावला.

वाक्य कुठल्या संभाषणावरून उचललं ते पेटीला दाखवता यायचं. अल्ताफने पडद्यावर पाहिलं. भूपालराव आणि त्यांची आई, दोनशे बारा फोन.

"ठाऊक आहे मला," तो काही बोलायच्या आत काकी म्हणाल्या. "आईंना रोज फोन करून विचारायचे. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. हे कालव्यावरून यायचे उशिरा, बाहेरच डबा खाऊन. मी वाट बघत बसायची, तोवर दिवस बुडायचा. मग पाणी पिऊन झोपायची. चौतीस वर्षांत मला एकदासुद्धा विचारलं नाही हो. माणूस वाईट नव्हता. सुचलंच नाही त्यांना." त्या थांबल्या. "ओव्हनमधून काढल्यापासून विचारायला लागले."

अल्ताफच्या लक्षात आलं. समोर आई आहे की बायको, हे पेटी सहाव्या चिपेतल्या अंकांवरून ठरवत होती. टाका तडकला आणि तो भेदच पुसला गेला.

"काकी, खरं सांगतो. गप्प होणं आणि हे विचारणं, दोन्ही एकाच टाक्यामुळं होतंय. टाका मारला की दोन्ही जाणार. साहेब होते तसे होतील, आणखी वीस वर्षं बोलतील."

"आणि नाही मारला तर?"

"टाका रात्रीपर्यंत पुरता तुटेल. चालू असताना तुटला तर चिप जळायचीसुद्धा भीती. मग कुठलेच साहेब नाहीत."

काकींनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. गावाकडची गाडी सहाची होती आणि वाटेतच दिवस मावळणार, म्हणून त्यांनी डबा बरोबर आणला होता. तो मांडीवरच्या पिशवीत तसाच होता.

"जेवलीस का?" पेटीने पुन्हा विचारलं.

ओव्हनमधून काढल्यापासून त्यांनी या प्रश्नाला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र वाचल्यासारखं त्यांना ओशाळवाणं वाटायचं. आज मात्र तोंडून निघून गेलं, "नाही अजून."

पेटी इतका वेळ गप्प राहिली, की टाका तुटलाच असं अल्ताफला वाटलं.

"मग थांबतो मी," आवाज म्हणाला. "बरोबरच बसू."

अल्ताफने झटकन पडद्याकडे पाहिलं. मूळ सापडत नाही. त्याने पुन्हा शोधायला लावलं. आईशी नाही, भावाशी नाही, कचेरीत नाही. भूपाल चौगुले हे वाक्य आयुष्यात कुणालाच बोलले नव्हते. निदान नोंद होईल असं तरी नाही.

"कुणाला म्हणाले होते?" काकींनी विचारलं.

"कुणालाच नाही, काकी. पहिल्यांदाच म्हणाले." चिपेची चूक म्हणावं, तर चूक इतकी नेमकी कशी? आणि चूक नसेल, तर हे एवढी वर्षं कुठे होतं? अल्ताफला जन्मभर टाके मारून एवढंच कळत होतं, की बिघाड दिसला की काढायचा. टाका वितळवायला हातात घेतलेली गरम हवेची बंदूक आज पहिल्यांदा त्याला जड वाटली. "काय करू, सांगा. मारू टाका?"

"उद्या मारा."

"उद्यापर्यंत चिप राहील याची खात्री नाही देत मी."

"मला उद्याचं नकोच आहे." काकींनी डबा काढला, पेटीसमोरच्या टेबलावर ठेवला. "दिवस मावळायला तास आहे अजून. जेवायला कितीसा वेळ लागतो?"

अल्ताफने बंदूक बंद केली. टेबलावरचा पंखा कार्डाकडे वळवला, म्हणजे टाका जरा थंड राहून दोन घास जास्त टिकेल. काकींनी झाकण उघडलं. त्या आवाजासरशी पेटीवरचा हिरवा दिवा थरथरला आणि सावकाश, जरा बावरल्यासारखा प्रश्न आला:

"भाजी कसली केलीस?"