भिंतीतला समुद्र

खोक्यातून काढलेला नुसता, पेटी नसलेला स्पीकर शाल्मलीने हातात धरून लावला, तेव्हा समुद्राची गाज डबा हलवल्यासारखी खुळखुळली. आजोबांनी वेंगुर्ल्याला ध्वनिमुद्रित केलेला समुद्र असा कसा झाला, ते तिला कळेना.

चंद्रावरच्या वस्तीत जन्मलेल्या मुलांना समुद्र ऐकवायचा, म्हणून ती आणि ध्वनिशास्त्रज्ञ असलेले तिचे आजोबा, डॉ. केळुसकर, तिथेच छोटं चित्रगृह उभारत होते. शाल्मलीला उंच पेट्यांचे कॅबिनेट स्पीकर हवे होते. पण ते चारी बाजूंना ठेवले, तर तिच्या मैत्रिणीची, सुफियाची, चाकाची खुर्ची आत वळणारच नव्हती.

आजोबांनी तोच स्पीकर पार्टिशनला पाडलेल्या भोकात बसवला. गाज एकदम खोल, भरदार झाली. शाल्मलीच्या अंगावर काटा आला.

आजोबांनी तिला समजावलं. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी कडेने वळून एकमेकींना भेटल्या, की खर्ज (जाड, खालचा आवाज) जवळजवळ पुसला जातो. भिंत त्यांना वेगळं ठेवते. कॅबिनेटची पेटीही तेच काम करते.

"मग सगळे भिंतीतच बसवू," शाल्मली म्हणाली.

"मागची लहर कुठे जाईल?"

तिने पार्टिशनला कान लावला. ते पोकळ होतं, थरथरत होतं, आणि पलीकडे दवाखाना होता. तिथल्या आजाऱ्यांना दिवसभर लाटा ऐकाव्या लागल्या असत्या. बराच विचार करून तिनेच सुचवलं, की बाजूचे आणि मागचे स्पीकर भिंतीत बसवायचे, पण प्रत्येकाच्या पाठीशी भक्कम बंद पेटी ठेवायची. समोर चित्रपटाच्या पडद्याखाली कुणी ये-जा करत नव्हतं, तिथे कॅबिनेट स्पीकर ठेवायचे. आजोबांनी लगेच स्क्रू उचलले.

काम झाल्यावर सुफिया आली. तिची खुर्ची सहज मधोमध गेली. खिडकीबाहेर हवा नसलेलं, निःशब्द करडं मैदान पसरलं होतं. आत समोरून लाट उठली, दोन्ही अंगांनी सरकत आली आणि पाठीमागे फुटली. सुफियाने मागे वळून पाहिलं. तिथे नुसती भिंत होती. परतणारं पाणी खुर्चीखालून गेल्यासारखं वाटलं आणि तिने चटकन कुर्त्याची कड वर धरली.

दवाखान्यात शांतता होती. शाल्मली जाऊन खात्री करून आली.

"खरा याहून मोठा असतो?" सुफियाने हळूच विचारलं.

"पुष्कळ मोठा," आजोबा म्हणाले.

"पृथ्वीवर गेले, की आधी तिथेच जाईन," ती म्हणाली. कुर्त्याची कड अजून तिच्या मुठीतच होती.