गंधर्वडोंगरचा राक्षस

“उजवा डोळा झाका,” तो म्हणाला, आणि मी डावा झाकला.

“दुसरा उजवा,” तो शांतपणे म्हणाला.

इंदिरानगरातलं चष्म्याचं दुकान, आतली काळोखी खोली, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता. आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गर्दी होती म्हणून मी सहज इथे शिरले होते. डोळे तपासणारा इतका तरुण असेल आणि भिंग बदलताना त्याचा चेहरा इतका जवळ येईल, याची मला काही कल्पना नव्हती. त्याच्या खिशावर नाव होतं— मयूर.

“हे बरं, की मघाचं बरं?”

“मघाचं… नाही, हे. नाही— पुन्हा दाखवा ना.”

“तुम्ही दिवसभर काय बघता?” त्याने विचारलं.

झालं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी निकिता, दिवसा विम्याच्या ऑफिसात असते, उरलेल्या वेळात जुने मराठी सिनेमे बघते आणि त्यांच्या पडद्यामागच्या गमती सांगणारे छोटे व्हिडिओ करते. सध्या ‘गंधर्वडोंगर’ घेतलाय. मे महिन्यात त्याला पन्नास वर्षं होतात, नाशिकमध्ये खास खेळ आहे आणि खेळाआधी मला बोलायचंय.

“तो राक्षसाचा? आणि राजकन्येचा?”

“तोच! तुम्ही तो प्रसंग पाहिलाय? राक्षस तिला मारायला येतो, हात पुढे करतो, तिच्या गालापासून वीतभर अंतरावर हात थांबतो… आणि तो मागे फिरतो. पन्नास वर्षं लोक त्या हातावर रडतायत. म्हणे असं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नाही. आणि खरी गंमत काय माहितीये? मुखवट्यातून त्याला काही दिसतच नव्हतं! बिचारा चाचपडत होता. ते प्रेम नव्हतंच, नंबर होता नंबर!”

मी माझ्याच विनोदावर हसले. तो हसला नाही.

“ते शूटिंग पेठला झालं होतं,” तो म्हणाला. “मी तिकडचा आहे. आमच्या आजानं त्या सिनेमात काम केलंय असं घरात म्हणतात. पण पडद्यावर तो कुठेच दिसत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही.”

मी डोळ्यावरचा हात काढला. जुन्या सिनेमाच्या मागे लागलेल्या मुलीला याहून गोड वाक्य कुणी ऐकवू शकत नाही.

चष्मा तयार व्हायला दोन दिवस पुरतात. माझा तयार झाल्यावरही मी कधी काडी सैल आहे म्हणून, कधी नाकावर टोचतो म्हणून जात राहिले. काडी अजिबात सैल नव्हती. त्यालाही ते कळत होतं, कारण तो स्क्रू न फिरवताच चष्मा परत द्यायचा आणि म्हणायचा, “आता चहा घेतला की बसेल नीट.”

मग टपरीवरचा चहा, कॉलेज रोडवर उगाच मारलेली चक्कर, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’. एकदा त्याने माझ्या फोनवर तो प्रसंग पाहिला… पुन्हा पाहिला… मग म्हणाला, “निकिता, हा माणूस चाचपडत नाहीये.”

“तुला काय माहीत?”

“न दिसणारी माणसं रोज बघतो मी. त्यांचा हात हलतो, शोधतो. हा हात थांबलाय. हा वाट बघतोय.”

“कशाची?”

“ते आजाला विचारावं लागेल.”

असं काही बोलताना तो माझ्याकडे बघायचा, आणि मी विचार करायचे, की याला नक्की सिनेमाबद्दल बोलायचंय ना… मला तो आवडायला लागला होता. चांगलाच. इतका, की घरी मोबाइल वाजला की कुणाचा आहे ते बघायच्या आधीच मी हसायचे.

पाडव्याला संध्याकाळी आम्ही सोमेश्वरला गेलो. गोदावरीत पाणी जेमतेम होतं, दगड दिवसभर तापलेले. आणि हा अनवाणी! “चपला चोरीला गेल्या की काय?” मी चिडवलं. तो नुसता हसला. त्या दिवशी मीही धीर केला. नाहीतरी आमच्यात बोलायचं काम माझ्याकडेच होतं.

“मयूर… आपलं काय आहे?”

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. “आत्ता नाही सांगता येणार.”

“आत्ता म्हणजे?”

“थोडे दिवस थांब. मग सांगतो.”

मी हात पुढे केला होता, त्याने तो घेतला नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षात बाहेरच बघत होते. त्यानंतर तो सुट्टी काढून गावी गेला आणि फोन लागेनासा झाला. मी दुकानात जाऊन आले. मालक म्हणाले, “घरचं काही कार्य आहे म्हणाला.” घरचं कार्य! माझ्या डोक्यात लगेच मांडव, अक्षता, हळद.

आणि मग एका दुपारी मेसेज आला.

*निकिता, एक सांगायचं राहून गेलं. मी सोंग घेतलंय. आधीच सांगायला हवं होतं.*

मी ऑफिसात होते. सोंग? म्हणजे तो चहा, ती काडी, ते बघणं…

*कधीपासून?* मी विचारलं.

*पाडव्यापासून.*

पाडव्यापासून! म्हणजे मी तापलेल्या दगडावर उभी राहून मन मोकळं करत होते, तेव्हा हा सोंग घेऊन उभा होता.

*छान वठवलंस,* मी लिहिलं.

*अजून कुठे? रविवारी सकाळी आहे. बघायला ये ना. सगळे असतील.*

इतका निर्लज्जपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मैत्रीण स्नेहल म्हणाली, “ब्लॉक कर आणि मोकळी हो.” ब्लॉक करून माझं समाधान होणार नव्हतं. मला त्याच्या तोंडावर विचारायचं होतं, की हे सगळं खोटं होतं का. त्या एका प्रश्नापायी मी जेवत नव्हते आणि झोपतही नव्हते. लोक वेड पांघरून पेडगावला जातात; मी चांगली शुद्धीत, दुकानाच्या मालकांकडून त्याच्या पाड्याचा पत्ता घेऊन, रविवारी पहिल्या एसटीने, पेठला निघाले.

सावळघाट चढेपर्यंत मी भांडण पाठ केलं होतं. फाट्यावर उतरले तर लांबून संबळ ऐकू येत होता. पाड्याच्या तोंडाशी एक बाई पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. तिने मला नखशिखान्त पाहिलं.

“तू नाशिकची का गं? चष्म्याची पोरगी?”

“मयूर कुठे आहे?” मी विचारलं.

“मी त्याची आत्या, भागीबाई. तो सोंगात हाय. आता बोलायचा नाय तो कुणाशी.”

“माहितीये मला तो सोंगात आहे!” माझा आवाज चढला. “म्हणून तर आले!”

“मग बरं झालं. ये, मुखवटा चढवायच्या आत पाणी पी.”

“मुखवटा?”

आत्याने हाताने दाखवलं. अंगणात, पांढऱ्याशुभ्र धोतरात, अनवाणी, मयूर उभा होता. दोन माणसं त्याच्या डोक्यावर एक भलाथोरला मुखवटा बांधत होती— लाल डोळे, पुढे आलेले दात, मागे कागदी प्रभावळ. त्याच्या पलीकडे मारुती होता, गणपती होता, देवी होती. तो मुखवटा मी शेकडो वेळा पाहिला होता. फोनवर, पडद्यावर. तो ‘गंधर्वडोंगर’चा राक्षस होता.

“बोहाडा हाय ना आमचा,” आत्या सांगत होती. “देवाची, राक्षसाची सोंगं निघतात. हे सोंग आमच्या घराकडे. त्याच्या आजानं नाचवलं, बापानं नाचवलं, यंदा त्यानं घेतलं. पाडव्याला सुपारी उचलली, तवापासून पायात वहाण नाय, का कुणाला शब्द देणं नाय. मुखवटा उतरेपर्यंत नवी बोली करायची नाय, अशी आमच्या घरची रीत.”

मी त्यांच्या घराच्या ओट्यावर बसले. पाठ केलेलं सगळं भांडण जागच्या जागी विरलं. पोटातून हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी… मी कशासाठी रडतेय ते मलाच कळेना. आत्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पागोटं घातलेला एक म्हातारा बसला होता. त्याने सरकून जागा केली. “शिनेमाचं विचारणारी तूच ना? मी काळू. मयूरचा आजा.”

“आजोबा, मुखवटा इथलाच होता?”

“हाच. शिनेमावाल्यांना पायजे होता. पंचांनी सांगितलं, मुखवटा न्या, पण आत माणूस आमचाच. दुसऱ्यानं घालायचा नाय. तो मोठा नट नुसता बिनमुखवट्याचा दिसतो. बाकी समदा मी.”

पन्नास वर्षं ज्या हाताचं त्या नटाचा म्हणून कौतुक झालं, तो हात माझ्या शेजारी गुडघ्यावर पडला होता. सुरकुतलेला, नखांत माती असलेला.

“आणि तुम्हाला खरंच दिसत नव्हतं?”

“काय दिसतंय! आत अंधार. सोंग कधी एकलं चालत नाय, पोरी. ते दारात जाऊन उभं ऱ्हातं, हात पुढं करतं. सोंगानं कुणाला धरायचं नाय. दारातल्या माणसानं आपण होऊन हात धरायचा आन् पुढच्या दारापातूर न्यायचं. ही आमच्या पाड्याची रीत, दुसरीकडची मला ठावं नाय. शिनेमाच्या सायबानं सांगितलं, बाईपुढं जा, हात कर. मी केला. उभा ऱ्हायलो. बाई काय धरीना.”

“मग?”

“मग काय. कुणी हात धरला नाय, म्हणजे त्या दारी आपलं काम नाय. मागं फिरायचं.” त्याने पागोटं सारखं केलं. “वाईट वाटलं थोडं. पहिल्यांदाच कुणी धरला नव्हता.”

ना चाचपडणं, ना त्याग. एक माणूस अंधारात हात पुढे करून उभा होता, आणि समोरच्या बाईला माहीतच नव्हतं की तो धरायचा असतो. आणि मी सोमेश्वरला, त्याचं न बोलणं बघून, नको नको ते गृहीत धरून बसले होते.

“नाशिकला सांगू का हे?” मी हळूच विचारलं.

“सांग की. पण त्या बाईला बोल लावू नको. तिला कुणी सांगितलं नव्हतं.”

संबळ जवळ आला. एकेक सोंग घराघरांसमोर थांबत पुढे सरकत होतं. कुठे सुवासिनी ओवाळत होत्या, कुठे म्हातारी माणसं हात धरून पुढे नेत होती. राक्षस आमच्या दारात आला. लाल डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. आतल्या माणसाला मी तिथे आहे हेही माहीत नसावं. त्याने हात पुढे केला, आणि तो हात हवेत थांबला.

आत्या उठली नाही. आजाही उठला नाही. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी उठले आणि मयूरचा हात धरला.

बोटं ओळखीची निघाली. माझा चष्मा परत करताना इतक्यांदा लागलेली. मुखवटा क्षणभर माझ्याकडे वळला, मग तो मुकाट्याने माझ्यामागून चालू लागला. शेजारच्या दारापर्यंतची ती वाट फार मोठी नव्हती, पण मी ती सगळी बोलून भरून काढली. “खड्डा आहे. डावीकडे… दुसरं डावीकडे! मला वाटलं तू फसवलंस. जेवले नाही मी, माहितीये? इतकं कुणासाठी कधी रडले नाही. तू नसलास तर मला कशातच गंमत वाटत नाही, मूर्खा, सिनेमातसुद्धा नाही. इथे दगड आहे, पाय उचल.”

शेजारच्या काकूंनी त्याचा हात माझ्याकडून घेतला आणि तो पुढे गेला.

ऊन चढल्यावर, सगळी सोंगं देवळापाशी पोचल्यावर, मुखवटा उतरला. केस कपाळाला चिकटलेले, गालावर बांधलेल्या कापडाचे वळ, आणि उजेडाने मिचमिचणारे डोळे. मला शोधत तो आंब्याखाली आला.

“तूच होतीस ना? आजाच्या दारापासून?”

“मग काय… ऐकलंस ना सगळं?”

“काय ऐकणार? आत नुसता संबळ घुमतो. तू बोलत होतीस एवढं कळलं. तू आहेस म्हणजे बोलतच असशील.” तो हसला. “काय म्हणत होतीस?”

मुखवट्याशी बोलणं किती सोपं गेलं होतं! आता समोर तोच होता, घामाने निथळणारा, आणि वाटभर बोललेल्यातलं एक वाक्य ओठांवर येईना. पलीकडे आत्या पाहुण्यांना सरबत देत होती आणि कान आमच्याकडे होते.

“मेसेजमध्ये तू लिहिलंस सोंग घेतलंय,” मी म्हणाले, “मला वाटलं… माझ्यावरच्या प्रेमाचं.”

त्याला समजायला क्षणभर लागलं. मग त्याचा चेहरा उतरला. “आणि तरी आलीस?”

“भांडायला आले होते.”

“भांड मग.”

“नाही जमत,” मी म्हणाले. “माझा जीव जडलाय तुझ्यावर. हेच म्हणत होते वाटभर. बाकी खड्डे होते.”

त्याने धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, मग कुणाची पर्वा न करता माझे दोन्ही हात हातांत घेतले.

“आता मला बोली करायला मोकळीक आहे,” तो म्हणाला. “निकिता, माझ्याशी लग्न करशील?”

“हो,” मी म्हणाले, आणि आत्याच्या हातातला सरबताचा पेला तिच्या लुगड्यावर सांडला.