सर अँब्रोज यांच्या विवाहाचे साल

जर्मनीतील एर्लांगेन येथील आपल्या लहानशा कचेरीत खासगी गुप्तहेर चारुदत्त ओगले चहाचा दुसरा कप ओतीत असतानाच दारावरची घंटा वाजली. त्याचा मित्र व सहकारी श्रीपाद याने दार उघडले. सायकलचे हेल्मेट काखेत आणि कागदाची लांब नळकांडी हातात, अशा अवस्थेत एक तरुणी आत आली.

"मी कौमुदी. इथे युनिव्हर्सिटीत पीएचडी करते," ती म्हणाली. "परवा शुक्रवारी माझ्या प्राध्यापिका मॅडम निर्णय घेणार. त्यानंतर करत असेन की नाही, माहीत नाही."

तिने नळकांडीतून एक जाड कागद काढून टेबलावर उलगडला. ट्युडर राजांच्या काळातील सर अँब्रोज थॉर्नली या इंग्रज सरदाराची वंशावळ होती ती. प्रदर्शनासाठी कौमुदीने चार महिने खपून काळ्या शाईने ती हाती लिहिली होती.

"सरदाराच्या लग्नाची तारीख बघा. चर्चच्या नोंदवहीत ९ मे १५४० आहे. मीही तेच लिहिलं होतं. आता तिथे १५३९ दिसतंय. मॅडम म्हणतात, मूळ नोंदीशी न जुळणारं साल खरडून लिहिणारी मुलगी मला प्रकल्पात नको."

श्रीपादने वाकून पाहिले. विवाहाच्या ओळीखालीच पुत्र रॉजर याचे नाव व जन्मतारीख होती : १२ फेब्रुवारी १५४०.

चारुदत्तने कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि त्या आकड्यांवरून हलकेच बोट फिरविले.

"कागद कुठे कुठे होता?"

"शनिवारी लिहून संपवला. रविवारभर जेवणाच्या टेबलावर वाळत होता. घरात मी, नवरा सिद्धेश आणि माझे सासरे. दुपारी देवश्री आली, माझ्याबरोबर काम करते ती. कडा कापायला धारदार कटर घेऊन आली होती. मी स्वयंपाकघरात होते. सोमवारी सकाळी मी कागद न उलगडता मॅडमना नेऊन दिला." कौमुदीचा आवाज करडा झाला. "पुढच्या दोन वर्षांची जागा आमच्यापैकी एकीलाच मिळणार आहे. तिच्याविरुद्ध तक्रार लिहून ठेवली आहे. फक्त पाठवायची बाकी आहे."

"पाठवू नका," चारुदत्त म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत धीर धरा."

गुरुवारी सकाळी विद्यापीठाच्या उपाहारगृहात देवश्री भेटली. सूप पिता पिता तिने सर्व ऐकून घेतले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. कटर माझाच, कडाही मीच कापल्या. पण खरडणं मला जमत नाही हो. गेल्या वर्षी एकदा करून पाहिलं, तर शाई अशी पसरली की सरदाराच्या बायकोला मिशा आल्या."

"तिची जागा गेली तर तुम्हाला फायदा आहे," श्रीपाद म्हणाला.

"आहे ना. पण मग तारखा लावताना रडायला शेजारी कोण? तेव्हाच्या इंग्लंडचं वर्ष पंचवीस मार्चला उजाडायचं. हे कौमुदीनंच माझ्याकडून पहिल्या आठवड्यात घोटून घेतलं, तेव्हा कुठे माझी गाडी चालायला लागली." तिने चमचा खाली ठेवला. "तिला खरंच वाटतंय, मी केलं म्हणून?"

"आज दुपारी फोन जवळ ठेवा," असे म्हणून चारुदत्त उठला.

दुपारी ते दोघे कौमुदीच्या घरी गेले. सिद्धेश दूर गेर्लिंगेन गावी नोकरीस असून शनिवार-रविवारी घरी येत असे. आज तो रजा टाकून आला होता.

"ती तिकडे राहायला आली तर मला हवंच आहे," तो मोकळेपणाने म्हणाला. "पण तो कागद म्हणजे माझ्या दृष्टीने वॉलपेपर. रविवारी जेवून जो आडवा झालो तो चारला उठलो. बाबांना विचारा, माझं घोरणं ऐकत होते."

"ऐकत कसला, सोसत होतो," आतून त्याचे वडील भास्करराव म्हणाले.

खिडकीशी आरसा टेकवून ते जुन्या पद्धतीच्या, पाते घालावयाच्या रेझरने दाढी करीत होते. तोंड पुसून ते बाहेर आले. पुण्याच्या अभिलेख कचेरीत त्यांनी तीस वर्षे नकलनवीस म्हणून नोकरी केली होती व तीन महिन्यांकरिता ते लेकाकडे आले होते.

"बाबा, रविवारी कागदाजवळ कोणाला पाहिलंत का?" चारुदत्तने विचारले. "त्यातलं लग्नाचं साल कोणीतरी बदललंय."

"मी कशाला पाहू? पण त्या पोराच्या नावाला उगाच बट्टा नको लागायला." त्यांनी घाईने एक वही काढली. "वंशावळ म्हटली की मला आमचीच आठवते. हे पणजोबा. विवाह वैशाखात, शके १८०३. आजोबांचा जन्म माघात, शके १८०३. सगळं माझ्या हातचं."

अक्षर मोत्यासारखे होते. श्रीपादने मनापासून वाहवा केली. चारुदत्तने मात्र निरोप धाडून देवश्रीला बोलावून घेतले.

चार वाजता सर्व जण जेवणाच्या टेबलाभोवती बसले. दोघी मैत्रिणी दोन टोकांना होत्या.

"माझा तर कटरवरच संशय आहे," श्रीपाद कुजबुजला.

"कटर मनातून काढून टाक," चारुदत्त म्हणाला. "खरडलेल्या कागदावर शाई फुटते, हे देवश्रीबाईंनीच सांगितलं. इथे ती फुटलेली नाही. पात्याने अलगद खरडून, नखाने घोटून, कागद गुळगुळीत करून मग आकडे लिहिलेत. हा जुन्या कचेरीतला हात आहे."

भास्कररावांनी मान खाली घातली.

"आता हेतू. लग्न मे १५४०, मूल फेब्रुवारी १५४०. आपल्या कॅलेंडरप्रमाणे वाचणाऱ्याला मूल लग्नाच्या आधीचं वाटणार. पण तेव्हाचं वर्ष पंचवीस मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी, लग्नानंतर नऊ महिन्यांनी. हे दोघी मैत्रिणींना पाठ आहे. त्यांना दुरुस्तीची गरजच नव्हती. सिद्धेशरावांनी कागद वाचलेलाच नाही. आणि बाबा, मी तुम्हाला लग्नाचं साल सांगितलं. पोराबद्दल मी बोललोच नव्हतो."

"बाबा?" सिद्धेश उभा राहिला.

"बस रे," भास्करराव म्हणाले. त्यांनी सुनेकडे पाहिले. "मला वाटलं, तुझीच चूक झाली. कचेरीत नवा नकलनवीस चुकला की आम्ही गुपचूप दुरुस्त करायचो. साहेबांपर्यंत जाऊ द्यायचो नाही, आणि त्यालाही बोलायचो नाही. पुढे तुझ्या मॅडमचं पत्र आलं, आणि माझी जीभच उचलेना."

"तुमच्या वहीत पणजोबांचा वैशाख म्हणजे साधारण मे," चारुदत्त सौम्यपणे म्हणाला. "आजोबांचा माघ म्हणजे फेब्रुवारी. शके एकच. तिथे तुम्हाला काही खटकलं नाही, कारण आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं. सर अँब्रोजचंही जवळपास तेव्हाच होत होतं."

भास्कररावांनी वही उघडून पुन्हा पाहिली. मग हळूच मिटली.

"तीस वर्षांत रुजुवात घेतल्याशिवाय, मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय, एक काना हलवला नव्हता मी. सुनेसाठी घाई केली."

कौमुदी उठली, परंतु सासऱ्यांकडे गेली नाही. प्रथम ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि देवश्रीसमोर आपला फोन ठेवला.

"ही तक्रार. तूच खोडून टाक. मला लाज वाटते."

देवश्रीने ती सावकाश वाचली. "माझ्याविषयी इतकं शुद्ध जर्मन तू आजवर कधी लिहिलं नव्हतंस," ती म्हणाली व तिने ती पुसून टाकली.

मग कौमुदी सासऱ्यांपाशी आली. "बाबा, उद्या माझ्याबरोबर यायचं. पातं घेऊन."

शुक्रवारी भास्कररावांनी प्राध्यापिका बाईंसमोर सर्व हकीकत सांगितली आणि कौमुदीने ती जर्मनमध्ये ऐकविली. बाईंनी चर्चच्या नोंदवहीचे छायाचित्र पुढे ठेवले. भास्कररावांनी ते तीनदा पाहिले. मगच त्यांनी पाते चालविले, नखाने कागद घोटला आणि १५४० असे लिहिले. शाई तसूभरही पसरली नाही. बाई बराच वेळ भिंग लावून पाहत राहिल्या. कौमुदीचे काम चालू राहील, असे त्यांनी त्याच बैठकीत सांगितले.

निघण्यापूर्वी भास्कररावांनी परवानगी मागून कागदाच्या पाठीवर, कचेरीत नकलेखाली लिहीत तशा, पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ काय, असे बाईंनी विचारले. कौमुदीने त्या आधी स्वतःशी दोनदा वाचल्या, मग जर्मनमध्ये सांगितल्या.

त्या ओळी अशा होत्या :

नक्कल करणार : कौमुदी.
मूळ नोंद पाहून रुजुवात घेणार : तिचा सासरा, भास्कर.