अल मजाजमधलं लंडन

रणजित आणि त्याचे सासरे अण्णासाहेब आत शिरले. विजयकुमारांनी दाराला पुन्हा कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. रणजितला ते मुळीच आवडलं नाही.

अकराव्या मजल्यावरचा हा फ्लॅट गेले अठरा दिवस लंडन होता. बाहेर १९९८ सालातली, शारजाच्या अल मजाज भागातली भर दुपार, आत खिळे मारलेल्या पडद्यांमागे १९७२ सालची संध्याकाळ. रास अल खैमात टाइल्स विकून कंटाळलेल्या विजयकुमारांनी तरुणपणच्या ग्लॅम रॉकच्या वेडापायी सिनेमा काढला होता. चमकी फासून गाणाऱ्या एका गायकाची गोष्ट.

तो गायक, म्हणजे पुण्याचा नट निनाद, सोफ्यावर बसून रडत होता. निळ्या पापण्या, चंदेरी जाकीट, पाच इंची तळव्यांचे बूट.

"चारचं विमान आहे, अण्णासाहेब. मुलगी दत्तक घेतोय आम्ही, उद्या कोर्टाची तारीख. नवरा-बायको दोघांनीही हजर राहावं लागतं. नाहीतर पोरगी परत आश्रमात! नऊला पासपोर्ट बॅगेत होता, अकराला गायब."

अण्णासाहेबांनी मुंबईत चाळीस वर्षं खाजगी तपास केला होता. आता दुबईच्या करामा भागात मुलीकडे राहून ते जावयाचं पेट्रोल जाळत.

"दार?"

"नऊपासून बंद, आवाज नको म्हणून," विजयकुमार म्हणाले. "बॅगा, खिसे, गाद्या, फ्रीज, सगळं झाडलं. आणि मी नाही घेतला हं! माझ्या स्टाफचे पासपोर्ट माझ्या तिजोरीत असतात, उघड. हा तर व्हिजिट व्हिसावर आलेला पाहुणा. राहिलेलं गाणं परत येऊन करेल, इन्शाल्ला."

निनादने मान फिरवली.

"बॅग सोडून कधी गेलात?" अण्णासाहेबांनी त्याला विचारलं.

"दहाच्या चहाला. बूट काढून पंधरा मिनिटं बाथरूममध्ये पाय धूत होतो. हे बूट नाहीत हो, शिक्षा आहे."

कॅमेरामन यूनुस म्हणाला, "साब, तब मेरे दोनों हाथ काले थैले में थे. रील बदल रहा था, उजाला लगे तो फिल्म खराब."

"मीच कप धरून चहा पाजला त्याला," विजयकुमार म्हणाले. "पूर्ण वेळ."

कपडेपट सांभाळणारी अस्मिता कोपऱ्यात उभी होती. "मी आत इस्त्री करत होते."

"बूट तुम्हीच बनवलेत?"

"हो. पण गेल्या आठवड्यानंतर हातसुद्धा लावला नाही."

कपडे रोज तसेच दिसावेत म्हणून यूनुस शूटिंगआधी लगेच छापून निघणारा पोलरॉइड फोटो काढी. अण्णासाहेबांनी आजचा नऊचा फोटो मागून घेतला. निनाद टेबलावर पाय टाकून बसलेला. डाव्या बुटाचा तळवा टाचेशी उकलून आ वासलेला.

"छान आलाय," रणजित म्हणाला.

"आलाय खरा. निनाद, डावा पाय वर करा."

तळवा घट्ट चिकटलेला होता.

"नऊला उकललेला बूट आता शहाण्यासारखा बंद आहे, जावईबापू. अस्मिताबाईंनी तर हात लावला नाही. दहाला यूनुसचे हात थैलीत, विजयकुमारांचे कपावर. निनाद बाथरूममध्ये. उरलं कोण? आणि सगळ्यांनी घर झाडलं, पण निनादच्या पायांतलं कोण झाडणार?"

त्यांनी सुरीने तळवा उचकटला. पोकळ टाचेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट.

"म्हणजे मी यावर उभा राहून शोधत होतो?" निनाद ओरडला. "का गं, अस्मिता?"

"गाणं झालं की परत देणारच होते!" ती रडत म्हणाली. "यांनी माझा पासपोर्ट चौदा महिने ठेवलाय. सिनेमा संपला की देतो म्हणतात. तू गेलास की परत कशाला येशील? मग मी घरी कधी जाऊ?"

"सगळेच ठेवतात हो," विजयकुमार पुटपुटले. "रीतच आहे इथली."

"हिने दोन तास ठेवला तर चोरी," अण्णासाहेब म्हणाले, "तुम्ही चौदा महिने ठेवलात तर रीत."

निनादने पासपोर्ट खिशात टाकला. मग डोळ्यांखालची चमकी पुसत म्हणाला, "गाणं करायला मी येईन, विजयकुमार. पण हिने स्वतःच्या घरून मला फोन केला, की मगच."

विजयकुमारांनी अठरा दिवसांच्या रिळांकडे पाहिलं आणि मुकाट्याने ऑफिसला फोन लावला. "सुचित्रा, तिजोरी उघड. पासपोर्ट पाठव इकडे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते घुटमळले.

"सगळ्यांचे म्हणा," अण्णासाहेब म्हणाले. "एकेक नाव घेत बसलात तर याचं विमान चुकेल."