बिनमेणाचे पिकअप

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलणं हे काही डोंगर फोडण्याचं काम नव्हे. तारा उतरवायच्या, स्क्रू सोडवायचे, जुने टाके सोल्डरगननं वितळवायचे आणि नवे घालायचे. गिटारी दुरुस्त करणारा तारमास्तर हे सगळं गप्पा मारता मारता करायचा, आणि गप्पा बहुतेक गिऱ्हाइकांना नावं ठेवण्याच्या असायच्या. बिघडलेली असते केबल आणि हे महाराज येतात पिकअप बदलायला! "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," असं म्हणून तो हसायचा, नवी केबल हातात द्यायचा आणि माणसाला वाटेला लावायचा.

त्या दिवशी मात्र तो हसला नाही. टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेली जी गिटार होती ती त्याच्या दादाची होती, आणि ती घेऊन आलेली वहिनी खुर्चीवर टेकायलाही तयार नव्हती.

"मी माळ्यावर टाकून दिली होती हो, भाऊजी. पोरीनं, आपल्या चिमणीनं, शोधून काढली."

"वाजवते?"

"वाजवत असती तर कशाला आले असते? तारांवर हात ठेवते, ॲम्पला कान लावते आणि तासन् तास बसून राहते... ह्यांच्यासारखी."

तारमास्तरला दादाचे शेवटचे महिने आठवले. दादा चांगला वाजवायचा, आणि पिकअपही स्वतःच गुंडाळायचा. पिकअप म्हणजे तरी काय, लोहचुंबकावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की ते ऐकतात आणि ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, सांगतात. हे वेढे शेवटी वितळलेल्या मेणात बुडवून काढायचे असतात. मेण नसलं की पिकअपला नको ते ऐकू येतं. खोलीतलं बोलणं, बोटांची टकटक, सगळं ॲम्पमधून बाहेर पडतं, वर शिट्टी वाजते ती वेगळीच. दादानं मात्र मेण घालायचं सोडून दिलं होतं. आत कुणीतरी बोलतं, म्हणायचा, पण शब्द कळत नाहीत. मेण घातलं की ते गप्प बसतं. तो वेढे उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा, कमी करायचा, वाढवायचा. जेवणाची शुद्ध राहिली नव्हती. मग एका संध्याकाळी तो ॲम्पपासून उठला. "आता कळलं," एवढंच वहिनीला म्हणाला, चपला घातल्या आणि निघून गेला. ॲम्प चालूच होता. सकाळी तो तलावात सापडला. चपला काठावर होत्या, जोडीनं नीट लावून ठेवलेल्या.

"मोडून टाकू का?" तारमास्तरनं विचारलं.

"मोडली तर घर सोडेन म्हणते. बापाचाच हट्ट." वहिनी टेबलाजवळ सरकली. "गिटार राहू दे तिला. ते आतलं तेवढं काढा. माझं ती ऐकत नाही, पण तुमचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही. एकच लेकरू आहे हो मला."

हे मात्र खरं होतं. बाप गेल्यावर चिमणी शाळेतून थेट इथंच यायची. दुकान रस्त्याच्या खाली, तळघरात. उंच, अरुंद पायऱ्या उतरून यावं लागे. तिचे पाय वाजले की कामातून मान वर न करता तो हाक द्यायचा, "हळू ये, घाई नाही." आता ती कॉलेजात जात होती, उंचीनं काकाच्या कानाला लागली होती, तरी हाक तीच होती. ती तोंडात इतकी बसली होती की मास्तर कुठंही, कशालाही तेच म्हणायचा.

वहिनी गेली. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि भर दुपारी दिवा लावावा लागला. तळघरात राळेचा आणि जुन्या लाकडाचा वास कोंडून राहिला होता. गिटार खोलण्याआधी एकदा ऐकायची, हा त्याचा नेम होता. त्यानं केबल लावली, ॲम्प चालू केला. घूं... असा नेहमीचा आवाज आला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यानं पिकअपवर हलकेच ठोकलं. टक. ॲम्पमधूनही टक. म्हणजे जिवंत होता.

मेण आहे की नाही हे कळायला मास्तरची एक रीत होती. पिकअपपाशी तोंड न्यायचं आणि बोलायचं. ॲम्पमधून बोलणं ऐकू आलं तर मेण नाही. बोलायचं काय, तर तोंडात येईल ते. आता दादानं मेण घातलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तपासायची काही गरज नव्हती. पण सवयीपुढं शहाणपण कुठं चालतं? तो गिटारवर वाकला आणि म्हणाला, "हळू ये, घाई नाही."

ॲम्पमधून त्याचाच आवाज आला, जरासा चेपलेला, डब्यातून यावा तसा.

तो सरळ झाला. टाक्यांना लावायची राळ उघडली, सोल्डरगन तापत ठेवली. पंखा बंद होता. रस्त्यावरूनही कुणी जात नव्हतं.

"हळू ये..." ॲम्प म्हणाला.

मास्तरचा हात जागच्या जागी थांबला. ॲम्पला आवाज घुमवायचं बटण असतं, ते चुकून फिरलं असेल असं त्याला वाटलं. त्यानं वाकून पाहिलं. बटण शून्यावर होतं. 'घूं'च्या मागं काहीतरी हळूहळू कुजबुजत होतं, शेजारच्या खोलीत दोघं भिंतीला तोंड करून बोलत असावीत तसं. त्यानं श्वास रोखला. कुजबुज थांबली. त्यानं श्वास सोडला, ती सुरू झाली.

"दादा...?"

मग अगदी स्वच्छ, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, त्याच्याच आवाजात आलं, "घाई नाही."

त्यानं केबल उपटली. भराभर तारा उतरवल्या. पिकअप वर उचलला तर खालच्या लाकडाच्या खाचेत पाणी होतं. थोडंसंच, चमचाभर. त्याला तलावाच्या गाळाचा वास येत होता. कितीतरी वर्षं माळ्यावर कोरड्यात पडलेली गिटार! त्यानं ते फडक्यानं पुसलं, फडकं कचऱ्यात टाकलं आणि टाके वितळवायला घेतले.

जुने दोन्ही पिकअप त्यानं पत्र्याच्या डब्यात टाकले आणि वरून कढत मेण ओतलं, ते पार बुडेपर्यंत. मेण थंड होऊन पांढरं पडलं तेव्हाच तो तिथून हलला. मग कारखान्यातून आलेले नवेकोरे, मेण प्यायलेले पिकअप त्यानं खाचेत बसवले, एकेक टाका दोनदा तपासला, नव्या तारा चढवल्या आणि ॲम्प लावला. त्यात 'घूं' नव्हतं, कुजबुज नव्हती. तोंड जवळ नेऊन बोलून बघायचं मात्र त्याला धाडस झालं नाही. एक सूर छेडला, तो काचेसारखा स्वच्छ निघाला. मास्तरच्या जिवात जीव आला. सुटलो बुवा, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून उगाच दचकला.

संध्याकाळी पायऱ्यांवर पाय वाजले. चिमणी येत होती, मागून वहिनी. नेहमीची हाक त्याच्या ओठांपर्यंत आली आणि तिथंच राहिली.

"काय रे काका, आज हाक नाही?" चिमणी हसत म्हणाली, दाराशी चपला काढल्या आणि गिटारकडे धावली.

ती वाजवायला लागली. खरंच वाजवायला लागली. बापाचा हात होता तिला. तळघर सुरांनी भरून गेलं. वहिनीनं डोळ्यांना रुमाल लावला. "गेलं हो ते, भाऊजी," ती पुटपुटली. "तुमचे उपकार कसे फेडू?" मास्तरलाही भरून आलं.

मग चिमणी थांबली. पंजा सपाट तारांवर ठेवला. दुसऱ्या हातानं ॲम्पचा आवाज वाढवला आणि मान किंचित डावीकडं कलती करून कान लावला. दादा अस्साच बसायचा.

मास्तरनं कान टवकारले. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"मस्त केलंस रे, काका," ती हळूच म्हणाली. "आधी सगळं गढूळ यायचं. शिट्टीत शब्दच बुडून जायचे. आता कळतंय सगळं."

वहिनीच्या हातातला रुमाल खाली पडला.

"कोण... कोण बोलतंय, चिमणे?" मास्तरनं विचारलं.

तिनं नवलानं त्याच्याकडं पाहिलं. "कोण म्हणजे? तूच की!"

तिनं गिटार अलगद टेबलावर ठेवली. ती दाराशी गेली आणि वाकून चपला घालायला लागली, आधी डावी, मग उजवी. चेहरा शांत होता. काकानं बोलावलं की ती नेहमी जशी निघायची तशीच निघाली होती. वहिनी किंचाळली, धावली, तिचा हात धरला. तो हात चिमणीनं मायेनंच सोडवला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

थांब, असं ओरडायला मास्तरनं तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही, वाराही नाही. त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला, पुन्हा जोर लावला.

आणि मागून, टेबलावर ठेवलेल्या गिटारच्या ॲम्पमधून, त्याचाच आवाज आला. प्रेमळ, रोजचा, कामातून मान वर न करता दिलेला.

"हळू ये. घाई नाही."