न उडणारा फ्यूज

"तंबू?"

"आहे!"

"दोऱ्या?"

"आहेत!"

"विजेरी?"

"होती! आता शेपटाच्या तोंडात आहे!"

"शेपटा, थुंक आधी ती!"

इमारतीच्या पार्किंगमध्ये बाबांच्या उंच, दणकट फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीभोवती नुसता गोंधळ चालला होता. गाडीचं नाव मुलांनी 'रणगाडा' ठेवलं होतं. परवा सकाळी तिच्यात बसून सगळे जंगलातल्या तळ्याकाठी चार दिवस तंबूत राहायला जाणार होते.

यादी वाचत होती नाकाडी. वय वर्षं बारा. तिचं नाक साधंसुधं नव्हतं. दूध उतू जाणार, हे ती बाहेरच्या खोलीत बसून सांगायची. सामान मोजत होता तिचा आतेभाऊ, वकील. वय वर्षं तेरा, सुट्टीसाठी आलेला, आणि गप्प बसण्याचं वावडं असलेला. विजेरी चघळत होता तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ. तो सतत मागे मागे असायचा, म्हणून शेपूट.

इतक्यात आई पांघरुणांची चळत घेऊन खाली आली. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि ती तिथंच थबकली. तिनं हळूच श्वास आत ओढला.

"पुन्हा?" तिनं एवढंच विचारलं.

टायर पुसत असलेल्या बाबांनी मान वर केली. "काय पुन्हा?"

"मला कशाला विचारतोस? गाडीला विचार! जळकट वास भरलाय आत. दीड वर्ष झालं ना सोडून? शेपटाच्या खोकल्याची शपथ घेतली होतीस!"

"अगं, मी सिगारेटला हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग रोज दुपारी अर्धा अर्धा तास इथं एकटा काय करतोस?"

बाबा गोरेमोरे झाले. "ते... गाडी बघतो."

"गाडी बघतो! ती काय पळून जाणार आहे? तळ्यावर जायचं तर तुम्ही जा. खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर मी चार दिवस तंबूत राहणार नाही."

आणि पांघरुणं तशीच उचलून ती जिना चढून गेली.

संध्याकाळी नाकाडीनं बाबांना मुद्दाम घट्ट मिठी मारली आणि शर्टात नाक खुपसलं. साबण. घाम. वंगण. सिगारेट नाही! पण बाबांनी मिठी हळूच सोडवली आणि तिच्याकडे बघून ते कसंनुसं हसले.

"सापडलं काही?" त्यांनी विचारलं.

नाकाडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही संशय काही जाईना. रोज दुपारी अर्धा तास? तोही एकट्यानं? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं पार्किंगमधल्या जाड खांबामागे दबा धरून बसले.

"आरोपी आला," वकील कुजबुजला.

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ते गाडीत शिरले. नाकाडीनं श्वास रोखला. आता खिशातून पाकीट काढणार... आता काडी ओढणार...

घर्रर्रर्र!

बाबांनी टायरमध्ये हवा भरायचा नवा पंप चालू केला होता! चारही टायरांमधली थोडी थोडी हवा त्यांनी सोडली आणि पुन्हा भरली. मग गाडीत मागे बसवलेल्या छोट्या फ्रिजचं झाकण उघडलं, आत बोट घालून गार झालाय का ते पाहिलं, आणि बॉनेट थोपटत ते म्हणाले, "शाब्बास, माझी राणी!"

वकिलानं दोन्ही हातांनी तोंड दाबून हसू आवरलं. "मामा गाडीशी बोलतो! म्हणून लाजत होता!"

बाबा शीळ घालत वर गेले. त्यांनी एक काडीसुद्धा ओढली नव्हती! नाकाडी आनंदानं गाडीकडे धावली, तिनं मागचं दार उघडलं... आणि आनंद जागच्या जागी विरला.

वास येत होता!

"पण मामानं तर काहीच पेटवलं नाही," वकील डोकं खाजवत म्हणाला.

नाकाडीनं डोळे मिटले. "हा सिगारेटचा नाहीच. प्लास्टिक तापल्यासारखा आहे. आणि त्यात थोडासा... मासळीसारखा!"

"नाकाची साक्ष कोणी मानत नाही. पुरावा हवा."

"तुझ्या नाकाची नाही मानणार! माझ्या नाकाची—"

"ए, भांडू नका ना," शेपूट मागच्या सीटवर चढत म्हणाला. त्यानं चपला काढल्या आणि पाय खाली गालिच्यावर टेकले. "आहाहा! मस्त शेकतंय!"

"काय शेकतंय?"

"पाय! पायांचा हीटर आहे ना इथं. पंप लावला की सुरू होतो."



"या गाडीत मागे हीटर नाहीये," वकील सावकाश म्हणाला. "मी पुस्तिका वाचलीय. दोनदा."

नाकाडीनं गालिच्यावर तळहात टेकला. तापलेल्या इस्त्रीखालच्या कापडासारखा लागला! तिनं गालिच्याची कड जराशी उचलली. खालून बुटाच्या नाडीएवढी बारीक लाल तार गेली होती. तिचं वेष्टण जागोजागी मऊ पडलं होतं, काही ठिकाणी तपकिरी झालं होतं. तार पुढून आली होती आणि मागे जाऊन तिला दोन फाटे फुटले होते: एक फ्रिजला, एक पंपाला.

"शेपटा, पाय वर घे," नाकाडी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आणि उतर खाली. आत्ताच्या आत्ता!"

तिघं धापा टाकत वर गेले आणि सगळं बाबांना सांगितलं. बाबा हसले.

"अरे, तारा थोड्या कोमट होतातच. उलट आता सगळं झकास झालंय! आधी पंप लावला की फ्यूज उडायचा. तीनदा उडाला! मग गॅरंटीकाकांनी फ्यूजच बदलून दिला. म्हणाले, आता जन्मात उडणार नाही, गॅरंटी!"

गॅरंटीकाका म्हणजे गाड्यांना दिवे, पंप, भोंगे बसवून देणारे दुकानदार. त्यांचं प्रत्येक वाक्य 'गॅरंटी'नं संपायचं.

"पण बाबा—"

"थांब, तुझ्यासमोरच विचारतो." बाबांनी फोन लावला. पलीकडून गडगडाटी हसू ऐकू आलं. "पोरांचं काय ऐकता साहेब! फ्यूज मोठा म्हणजे ताकद जास्त! उद्या सकाळी येतो, टपावरचा मोठा दिवाही त्याच तारेवर जोडून देतो. मग बिनधास्त निघा. गॅरंटी!"

त्याच तारेवर! नाकाडी तशीच जिन्याकडे धावली.

आता एकच माणूस उरला होता. तळमजल्यावरच्या लिफ्टकाकू. शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्यांचं काम. दार उघडलं तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात पक्कड.

सगळं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "काय म्हणाले तुझे बाबा? पुन्हा सांग."

"आता फ्यूज जन्मात उडणार नाही."

"आणि हे कौतुकानं सांगितलं?"

"हो."

"अगं बाई, फ्यूज उडण्यासाठीच असतो! तार तापायच्या आधी त्यानं स्वतः जायचं, हीच त्याची नोकरी. त्या बारीक तारेवर ओझं जास्त होत होतं, म्हणून तो बिचारा उडून उडून सांगत होता. फ्रिजबरोबर पुस्तिका आली असेल ना? त्यात आकडा बघा. मग गाडीतल्या फ्यूजवरचा आकडा बघा. नुसतं बघायचं! कशाला बोट लावलंत तर तुमची तंगडी आणि माझी पक्कड!"

पुढचं काम वकिलानं केलं. "मामा, इंजिन दाखव ना! एवढं दणकट इंजिन मी कुठं बघितलं नाही!" झालं! बाबांनी आनंदानं बॉनेट उघडलं. बॅटरीजवळच्या पारदर्शक डबीतला फ्यूज स्वच्छ दिसत होता. त्यावर आकडा होता चाळीस. आणि कोणीही न वाचलेल्या फ्रिजच्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं: 'पंधरापेक्षा मोठा फ्यूज बसवू नये.'

"पुरावा!" वकील पुटपुटला.

"पण गॅरंटीकाका पुन्हा हसण्यावारी नेतील," नाकाडी म्हणाली. "आणि बाबा पुन्हा त्यांचंच ऐकतील. नुसतं सांगून नाही चालायचं. त्यांना दाखवायला हवं. नाही, त्यांना लागायला हवं!"

तिनं त्याच्या कानात आपली युक्ती सांगितली. वकिलानं प्रथमच कसलाही वाद घातला नाही.

सकाळी गॅरंटीकाका हातात भलामोठा दिवा घेऊन हजर झाले. सामान अजून भरलेलं नव्हतं. निघायचं की नाही, हेच ठरत नव्हतं. आईला नाकाडीनं हाताला धरून खाली आणलं होतं. "पाच मिनिटं, आई. फक्त पाच मिनिटं." आई बाबांपासून चार हात लांब उभी होती. लिफ्टकाकू उघड्या बॉनेटशी उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात पाना होता, आणि पायाशी लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं.

"ते कशाला?" बाबांनी विचारलं.

"असू दे. मला ते बरोबर असलं की बरं वाटतं," लिफ्टकाकू म्हणाल्या.

नाकाडी पुढं झाली. "काका, तुमच्या कामाची गॅरंटी आहे ना?"

"शंभर टक्के!"

"मग माझं एक ऐकाल? चपला काढून मागच्या सीटवर बसा. डाव्या बाजूला. पाय गालिच्यावर. आम्ही फ्रिज आणि पंप चालू करतो. माझा भाऊ याच जागी बसून चार तासांचा प्रवास करणार आहे. तुम्ही फक्त पाच मिनिटं बसायचं."

"एवढंच?" गॅरंटीकाका हसले, चपला काढून ऐटीत आत बसले. "लावा पंप!"

घर्रर्रर्र!

एक मिनिट झालं. गॅरंटीकाका गुणगुणत होते. दोन मिनिटं झाली. गुणगुणणं थांबलं. तीन मिनिटं झाली. त्यांच्या पायांची बोटं आखडली.

"काय झालं, काका?" वकिलानं निरागसपणे विचारलं.

"काही नाही! पायाला मुंगी..."

"पाय उचलायचा नाही हं! गॅरंटी आहे!"

"अरे, पण... अरे, हे... आई आई गं!"

गॅरंटीकाका टुणकन बाहेर उडाले आणि एका पायावर नाचू लागले. त्यांच्यामागून, गालिच्याच्या कडेनं, धुराची बारीक करडी रेघ वर आली.

"धूर!" शेपूट किंचाळला.

"सगळे मागे व्हा! पंप बंद करा!" लिफ्टकाकूंनी दोन झटक्यांत बॅटरीची पकड सैल करून काढली. घरघर थांबली. त्यांनी नळकांडं उचललं, गालिचा पान्यानं उलटा केला. खाली ज्वाळा नव्हत्या. पण लाल तार आता लाल राहिली नव्हती. वेष्टण वितळून तांबं उघडं पडलं होतं आणि गालिच्याची खालची बाजू कोळशासारखी काळी झाली होती.



नाकाडीनं आईचा हात धरला आणि तिला उघड्या दारापाशी नेलं. "आई, नीट घे वास. तो हाच ना?"

आईनं श्वास आत ओढला. मग तिनं डोळे मिटून घेतले.

"हाच," ती हलकेच म्हणाली. "हाच होता."

"मला वाटलं, सारखा उडतो म्हणजे फ्यूजच कच्चा," गॅरंटीकाका पाऊल चोळत पुटपुटले. हसू कुठल्या कुठं पळालं होतं.

"कच्ची तार होती!" लिफ्टकाकू कडाडल्या. "आणि तुम्ही बोंब मारणाऱ्याचंच तोंड बांधलंत! आजवर किती गाड्यांना असे फ्यूज बसवलेत?"

"सात... आठ."

"मग आजच्या आज आठही जणांना फोन करायचे. इथं बसून. माझ्यासमोर!"

बाबांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या काळ्या डागाकडे बघत होते. त्यांनी शेपटाला उचललं, त्याचे इवलेसे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि छातीशी घट्ट धरलं.

"बाबा, दाबतंय!"

"दाबू दे," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याजवळ आली. "चुकलं माझं. तू खरं बोलत होतास आणि मी ऐकलंच नाही."

"माझं त्याहून चुकलं. पोरं धावत सांगायला आली आणि मी हसलो. तीनदा उडालेल्या फ्यूजचंही ऐकलं नाही. कटकट नको म्हणून त्याचं तोंड बंद करून आलो."

"म्हणजे, घरात जो सारखा ओरडतो, त्याचं ऐकायचं असतं तर!"

"तू फ्यूज आहेस, असं मी म्हटलेलं नाही!"

"बदलून बघ तर खरं!" आई म्हणाली, आणि दोघंही खो खो हसत सुटले. नाकाडीला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला रडूच आलं.

लिफ्टकाकूंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मी वीस वर्षं तारांमध्ये काम करतेय. पण बॅटरीला हात न लावता, नाक, पाय आणि छापील कागद यांच्या जोरावर दोष शोधणारी टोळी मी पहिल्यांदाच बघितली!"

"टोळी काय! पथक म्हणा," वकील म्हणाला.

निघायला दोन दिवस उशीर झाला. लिफ्टकाकूंनी स्वतः उभं राहून सगळं नव्यानं करून घेतलं. फ्रिजला वेगळी तार, पंपाला वेगळी आणि चांगली जाड, आणि प्रत्येकीला बॅटरीजवळ जेवढ्यास तेवढा फ्यूज. मोठा दिवा मात्र बाबांनी परत पाठवला. "आपण उजेडात पोहोचू," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान भरलं, पट्टे लागले. बाबांनी फ्रिज लावला, पंप लावला, घड्याळ लावून दहा मिनिटं चालू ठेवला. मग ते गाडीतून उतरले आणि किल्ली नाकाडीच्या हातात ठेवली.

"तू हो म्हटल्याशिवाय ही गाडी हलणार नाही."

नाकाडी गुडघे टेकून गाडीत शिरली. पुढच्या सीटखालून तिनं सुरुवात केली, मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली. थांबली. पुन्हा मागे आली. वकीलसुद्धा एक शब्द बोलला नाही.

तिनं डोकं बाहेर काढलं.

"नव्या गालिच्याचा वास आहे. आईनं केलेल्या लाडवांचा आहे. आणि वकिलानं मोजे धुतलेले नाहीत," ती म्हणाली आणि तिनं किल्ली बाबांकडे उंच फेकली. "बाकी काही नाही. चला!"