सुधींद्रचा कीबोर्ड

मी सांगतो त्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. पैज लावा. बायकोने तर चाळीस वर्षांत एकदाही ठेवलेला नाही.

हेब्बाळच्या तळ्यात मी पाहिलेली मगर म्हणजे घोरपड होती, कबूल. पण हे घडलंय. शुक्रवारी, भर दुपारी दोन वाजता, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर.

वर मनस्विनी भाड्याने राहते. नागपूरची. घरूनच काम करते. दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र असतं ना, त्याच्या आतली सिस्टिम तिची कंपनी बनवते.

त्या यंत्राला काहीही जोडलं की सिस्टिम एक ओळ लिहिते. 'जोडलं', आणि पुढे वस्तूचं नाव. वायर निघाली की 'काढलं'.

त्या 'काढलं'वरच नर्सचा अलार्म वाजतो.

ही ओळ लिहायची जागा म्हणजे बफर. शाळेतली पाटी समजा. चूक अशी, की पाटी न पुसताच पुढचं नाव लिहिलं जायचं. मग छोट्या नावामागे जुन्या नावाचं शेपूट लोंबायचं. मनस्विनी तेच दुरुस्त करत होती. आधी पुसायचं, मग जागा मोजून लिहायचं. चार वाजेपर्यंत 'मी तपासलं' असं स्वतःच्या नावानिशी लिहून पाठवायचं होतं. त्यांच्यात तशी रीतच आहे. आणि पोरीची नोकरी अजून कच्ची.

मी कॉफी घेऊन वर गेलो. टेबलावर त्या यंत्राच्या आतला तळहाताएवढा सर्किट बोर्ड. एक वायर विजेची, एक स्क्रीनकडे जाणारी. बाकी काही नाही.

आणि स्क्रीनवर ओळ उमटली...

जोडलं: सुधींद्रचा कीबोर्ड.

"अण्णा, कशाला हात लावलात?"

"माझ्या हातात कॉफी आहे गं."

"दोन्ही हातांत?"

होतीच दोन्ही हातांत. एक तिची, एक माझी.

सुधींद्र कोण? तिच्याआधी हा बोर्ड वापरायचा तो. कीबोर्ड त्याने स्वतः बनवलेला, आत हौसेने स्वतःचं नाव घातलेलं. श्रावणात स्कूटरवरून घरी जाताना अपघातात तो गेला. कीबोर्ड त्याची आई धारवाडला घेऊन गेली.

"जुनं शेपूट असेल," मनस्विनी म्हणाली.

पण तिचं म्हणणं तिलाच पटलं नसावं. बोर्ड सकाळीच बंद करून चालू केला होता. बंद केला की पाटी आपोआप कोरी होते.

तिने दुरुस्ती चढवली. बोर्ड बंद. पुन्हा चालू.

बाल्कनीतली कबुतरं दिवसभर घुमत असतात. तीही गप्प झाली होती...

जोडलं: सुधींद्रचा कीबोर्ड.

या वेळी नाव आणखी स्वच्छ. नेमकं. मोजून लिहिल्यासारखं.

तिने माझे खिसे तपासले. हसू नका, खरंच तपासले. चष्म्याचं घर आणि दोन वेलदोडे निघाले.

मग तिने स्वतःचा माउस लावला. जोडलं. उपसला. काढलं. तीस वेळा लावला, तीस वेळा उपसला. तीस 'जोडलं', तीस 'काढलं'. एकही चुकलं नाही.

फक्त सुधींद्रचं 'काढलं' येईना.

"अण्णा, एक तर माझी दुरुस्तीच कधीतरी 'काढलं' गिळतेय. मग उद्या एखाद्या बाळाची वायर निघेल आणि नर्सला कळणार नाही."

"आणि तसं नसेल तर?"

ती बोर्डाच्या रिकाम्या छिद्राकडे बघत राहिली.

"तर काहीतरी अजून जोडलेलं आहे."

पावणेचार वाजले होते.

इथपर्यंत मी हे रविवारी सकाळी फाटकापाशी शेजारच्या वादिराजला सांगत होतो. त्याने पेपर कधीच मिटला होता.

"सरी, बरं, पुढे?"

पुढचं सांगण्याआधी मी उगाच फाटकाची कडी लावली, काढली. तरी सांगितलं.

"चाराला एक मिनिट कमी. रिकाम्या टेबलावर कळ दाबल्यासारखा आवाज झाला... टक. आणि ओळ आली. काढलं: सुधींद्रचा कीबोर्ड. या डोळ्यांनी वाचली. पोरीने हात जोडले, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. बाळंही सुखरूप, नोकरीही पक्की!"

"अण्णा, स्वल्प जास्तच झालं," वादिराज हसला.

जिन्यावर पावलं वाजली. मधेच थांबली...

मनस्विनी होती. अंगात शुक्रवारचाच कुडता, डोळे लाल.

"खोटं सांगताय, अण्णा. मी काहीच पाठवलेलं नाही. 'काढलं' अजून आलेलं नाही."